चार नंबरचा हॉल

फर्निचरच्या त्या दुकानात सहा हॉल होते. खरे नव्हेत. तीन भिंतींचे, पुढून उघडे. फ्लॅटवाल्यांसाठी एक, बंगलेवाल्यांसाठी एक, एका खोलीत संसार करणाऱ्यांसाठी एक, असे घराच्या तऱ्हेप्रमाणे मांडलेले. चार नंबरचा हॉल जुन्या वळणाच्या घरासाठी होता. जाड गादीचा लाकडी सोफा, हातांच्या दोन खुर्च्या, एक उंच दिवा आणि पुठ्ठ्याचा टीव्ही. आठ महिने त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मालकाने सेल्समनला सांगून टाकलं होतं, “शनिवारपर्यंत चार नंबर गेला नाही तर तो मोडायचा आणि तू खाली गोदामात.” गोदामातून पुन्हा वर आलेला माणूस सेल्समनने अजून पाहिला नव्हता.

सोमवारी सकाळी चार नंबरच्या काठाशी त्याला चपलांचे दोन जोड दिसले. आत सोफ्यावर एक म्हातारे गृहस्थ आडवे होऊन घोरत होते.

“काका, उठा. हे विकायला ठेवलंय.”

“मग विक की. मी काय तुझा हात धरलाय?”

“इथे झोपता येत नाही.”

“येतं. आत्ताच झोपलो होतो.”

शेजारच्या खुर्चीत त्यांची बायको मटार सोलत बसली होती. ती म्हणाली, “ह्यांच्या गुडघ्यांना उंच बसायला लागतं रे. घरी मुलाने हॉल मिनिमल करून घेतलाय.”

“म्हणजे कसा?”

“म्हणजे बसायचं काही ठेवलं नाही. जमिनीवर दोन चौकोनी उशा आहेत. एकदा बसलं की उठवायला शेजाऱ्यांना हाक मारावी लागते. बाकी एक झाड आहे. त्याला मात्र उंच स्टूल आहे.”

शिकलेली माणसं घर असंच लावतात. फोटो काढणाऱ्याला जागा राहिली पाहिजे, आईबापांनी आपलं बघून घ्यावं.

तेवढ्यात मालक आला. “ही कोण मंडळी?”

सेल्समनच्या तोंडून खोटं निघून गेलं. “डेमो आहे, सर. घरात माणसं कशी दिसतील ते दाखवतोय.”

मालक मान तिरकी करून बघत राहिला. मग म्हणाला, “छान. शनिवारपर्यंत रोज पाहिजेत.”

झालं. ज्यांना हाकलायला गेला होता त्यांच्याच विनवण्या करायची वेळ सेल्समनवर आली. काकूंनी लगेच अटी घातल्या. दिवा डोळ्यांवर येतो, तो मागे सरकव. खुर्ची भिंतीपासून जरा ओढ. दुपारी चहा, साखर कमी. टीव्ही पुठ्ठ्याचा आहे हे कळल्यावर काका म्हणाले, “बरं झालं. हा तरी ओरडणार नाही.”

बुधवारपर्यंत चार नंबरसमोर गर्दी जमू लागली, पण आत पाय टाकायला कुणी तयार होईना. दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटून माणसं हळू आवाजात बोलत आणि पुढे सरकत. एकाने धीर करून विचारलं, “आत येऊ का?”

“या ना, बसा. कुणाकडचे तुम्ही?” काका म्हणाले.

तो अर्धा तास बसला, चहा प्यायला, काकूंना नमस्कार केला आणि “येतो” म्हणून निघून गेला.

“काका, गिऱ्हाईक होतं ते!”

“असेल. घरी आलेल्या माणसाला मी सोफ्याची किंमत सांगत नाही.”

शनिवारचे चार वाजले. मालकाने हातोडीवाला बोलावून ठेवला होता. सेल्समन गोदामाच्या जिन्याकडे बघत उभा होता, तोच एक तरुण जोडपं तरातरा आत आलं.

“बाबा, काय तमाशा आहे हा? सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा फोटो फिरतोय. माझ्या ऑफिसात पोचला. कुणी टाकला?”

“मी,” काकू म्हणाल्या. “खाली लिहिलंय पण मीच. घरी बसायला जागा नाही, म्हणून इथे बसतो.”

सून रडकुंडीला आली. “आई, आपल्या हॉलला सगळे किती छान म्हणतात.”

“म्हणतात ना. उभ्या उभ्या म्हणतात.”

बघ्यांमध्ये हसू फुटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच सेल्समनला कळलं की आपल्याकडे विकायला काय आहे. तो सरळ मुलासमोर गेला. “साहेब, हा हॉल तुमच्या आईवडिलांना बसतो. आठवडाभर वापरून बघितलाय त्यांनी, एवढी खात्री दुसरं कुठलं दुकान देणार नाही. तुम्ही नेला नाहीत तर ते सोमवारी इथेच येतील. आणि मी त्यांना चहा देणार.”

“न्या हो,” गर्दीतली एक बाई म्हणाली, “आई आहे तुमची.”

मुलाने चारी बाजूंना पाहिलं आणि मुकाट्याने पाकीट काढलं. अख्खा हॉल गेला. पुठ्ठ्याचा टीव्हीसुद्धा, कारण काका त्याला सोडायला तयार नव्हते. हातोडीवाला हात हलवत परत गेला. मालकाने सेल्समनच्या पाठीवर थाप मारली आणि पूर्ण मजला त्याच्या ताब्यात दिला.

सोमवारी तो ऐटीत मजल्यावर फेरी मारत होता. बंगलेवाल्यांच्या दोन नंबरमध्ये, पांढऱ्या सोफ्यावर, काका-काकू बसले होते.

“काका? सामान पोचलं ना?”

“पोचलं. झकास लागलंय.”

“मग?”

“सगळ्यावर प्लास्टिक घातलंय. नवीन आहे, खराब होईल म्हणाले. पाहुणे आले की काढणार. मी बसलो तर घसरत घसरत थेट जमिनीवर. पुन्हा शेजाऱ्यांना हाक.”

सेल्समनने विचारलं, “आता हो?”

काकूंनी हॉलवर एक शांत नजर फिरवली. “हा कधीपासून पडून आहे?”

“वर्ष झालं.”

“मग मुलीकडे जाऊ दे. तिला तीन पोरं आहेत, तिच्याकडे प्लास्टिक दोन दिवस टिकायचं नाही.” त्यांनी मोबाइल त्याच्या हातात ठेवला. “घे, फोटो काढ. आणि अहो, तुम्ही जरा बिचारे दिसा.”