चुलीपासून हाकेच्या अंतरावर

एका जंगलात सगळ्यांना आडनावं होती. तुम्हाला हे विचित्र वाटेल, मुलांनो, पण जंगल सुधारलं की तसं होतं. कोल्ह्याला कोल्हेसाहेब म्हणत. लांडग्याला लांडगेमास्तर. आणि अंगभर खवले असलेलं, मुंग्या खाऊन राहणारं, जरा काही झालं की स्वतःची गुंडाळी करून घेणारं जे खवले मांजर असतं ना, त्याला सगळे खवलेकाका म्हणत.

जंगल संपलं की वाळवंट लागायचं. तिथे कोणी जात नसे, कारण तिथे काही नव्हतं.

पुढे जंगलात सुबत्ता आली. सगळ्यांना सगळं मिळू लागलं. तेव्हा सुखी प्राण्यांना, काहीतरी न मिळालं तर किती बरं होईल, असं वाटू लागलं. म्हणून त्यांनी एक खेळ काढला. वाळवंटात जायचं, एक पत्र्याची डबी कुठेतरी लपवायची आणि परत येऊन सांगायचं, की आम्ही डबी लपवलीय. कुठे ते सांगायचं नाही. नुसतं एक कोडं घालायचं. मग बाकीच्यांनी गाड्या काढून शोधायला जायचं.

त्या डबीला पत्रपेटी म्हणत. तिच्यात पत्र कधीच नसे. एक रबरी शिक्का असे आणि एक कोरी वही. ज्याला पेटी सापडेल त्याने आपल्या नावाचा शिक्का त्या वहीत मारायचा, तिथला शिक्का आपल्या वहीत उमटवून घ्यायचा, पेटी होती तशी ठेवायची आणि घरी यायचं.

"मग मिळतं काय?" असं एकदा एका गाढवाने विचारलं होतं. त्याला पुन्हा कोणी बोलावलं नाही.

खवलेकाका आणि खवलेकाकू हा खेळ मनापासून खेळत. त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर होती, बाजूला एक जोडगाडी लावलेली. काका चालवत. काकू जोडगाडीत बसत, मांडीवर मुंग्यांच्या चिवड्याचा डबा घेऊन, आणि रस्ता चुकला की सांगत. रस्ता चुकला नसला तरी सांगत. दुसऱ्यांच्या पुष्कळ पेट्या त्यांनी शोधल्या. स्वतःची मात्र त्यांनी एकच लपवली. म्हणजे काकूंनी लपवली, काकांना न सांगता. तिचं कोडं अगदी छोटं होतं.

'चुलीपासून हाकेच्या अंतरावर.'

"मला तरी सांग की," काका म्हणाले होते.

"शोधा तुम्हीच. एवढे हुशार आहात."

काकांनी पुन्हा विचारलं असतं, तर काकूंनी सांगितलंही असतं. पण तो विषय राहिला. पुढे काकूंना खोकला झाला, आणि मग उन्हाळ्यात काकू गेल्या.

एके दिवशी काकांना पेटीशोध महामंडळाच्या कचेरीतून बोलावणं आलं. कचेरीत मोठा फळा होता. त्यावर एकेक पेटी, तिचं कोडं आणि लपवणाऱ्याचं नाव. फळ्याखाली अध्यक्ष कोल्हेसाहेब बसले होते.

"या काका, बसा. चहा घेणार? नाही? बरं. तुमच्या मंडळींच्या पेटीबद्दल जरा अवघड बोलायचंय."

"बोला."

"नियम असा आहे, की वर्षभरात जी पेटी कोणालाच सापडत नाही, ती पेटी नाहीच असं धरायचं."

"आहे ती."

"असेलही हो! पण सापडत नाही ना. देवाचं चालून जातं तसं. पेटीचं नाही चालत." कोल्हेसाहेबांनी फळ्याकडे पाहिलं. "येत्या अमावास्येला पुसावी लागेल. काकूंची एकच होती ना?"

"एकच."

"मग नावही जाईल. वाईट वाटतं. पण जागा फार कमी पडते हो. हत्तेकरांनी नवीन पेटी लपवलीय, त्यांचं नुसतं नावच केवढं लांब आहे."

"नीट शोधली का कोणी?"

"वा! शास्त्रोक्त शोधली. 'हाकेच्या अंतरावर' म्हटल्यावर आधी हाक किती लांब जाते ते ठरवायला नको? समिती नेमली. वाघमारेंची डरकाळी घेतली, ससाण्यांच्या धाकट्याची किंकाळी घेतली, आणि सरासरी काढली. तिला आता प्रमाण हाक म्हणतात. त्या मापाने चुलीपासून चारी दिशांना खणलं."

"काय सापडलं?"

"एका दिशेला पाणी लागलं. पण आम्हाला पाणी नको होतं, म्हणून बुजवून टाकलं."

काका उठले. दाराशी आल्यावर म्हणाले, "स्कूटर बरेच दिवस उभीच आहे. जरा चालवून आणतो."

"आणा, आणा," कोल्हेसाहेब म्हणाले. "मनालाही बरं वाटतं."

आता, मुलांनो, एक गोष्ट लक्षात ठेवा. रिकामी जोडगाडी लावलेली स्कूटर सरळ जात नाही. ती एका अंगाला ओढते. काका पहिल्याच वळणावर करवंदीच्या जाळीत गेले. मग त्यांनी जोडगाडीत पाण्याचा हंडा ठेवला. तरी ओढतच होती. हंड्याशेजारी पाटा ठेवला. पाट्यावर वरवंटा ठेवला. तेव्हा कुठे स्कूटर सुतासारखी सरळ चालू लागली. काकूंना हे कळलं असतं, तर त्या दोन दिवस बोलल्या नसत्या.

जंगल मागे पडलं. वाळवंट सुरू झालं. ऊन मी म्हणत होतं. रस्ता चुकला तेव्हा कोणी सांगितलं नाही. आणि चुकला नव्हता तेव्हाही कोणी सांगितलं नाही, त्यामुळे काकांनी दोनदा थांबून खात्री करून घेतली.

वाळवंटाच्या मधोमध तीन काळे दगड होते. येणारेजाणारे सगळे तिथेच चूल मांडत. काकूही तिथेच मांडायच्या. आता त्या दगडांच्या भोवती लांबवर इतके खड्डे होते, की चंद्र जमिनीवर उतरलाय असं वाटावं. आणि शेजारी एक चहाची टपरी झाली होती. घोरपडेमावशी नावाची एक घोरपड ती चालवत होती.

"तुम्हीपण ओरडायला आलात का?" मावशींनी लांबूनच विचारलं.

"ओरडायला?"

"येतो तो त्या चुलीपाशी उभा राहतो अन् बोंब ठोकतो. दुसरा तिकडे पळत जाऊन विचारतो, 'आली का ऐकू?' परवा एक गवा आला होता. त्यानं हाक मारली, तर माझ्या दोन बश्या फुटल्या. कसली मेली ती पेटी! तुमच्या कोणाची आहे का?"

"आमच्या घरातलीच."

"मग घरी विचारायचं ना."

काकांनी चहा मागितला. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग जोडगाडीतल्या पाट्याकडे पाहिलं, आणि चहात साखर जास्त घातली.

काकांनी आपला हिशेब केला. सरासरी बिरासरी खोटी. हाक म्हणजे काकूंची हाक. ती साधीसुधी नव्हती. जंगलात सगळ्याच बायका नवऱ्याला नावाने हाक मारत नसत, "अहो!" म्हणत. त्यामुळे कुठूनही "अहो!" आलं, की निम्म्या जंगलातले नवरे माना वर करत. पण काकूंचं "अहो!" आलं, की सगळ्या जंगलातले करत. एकदा तर नदीपलीकडचा एक मगर, ज्याचं लग्नही झालं नव्हतं, "आलो, आलो" म्हणत काठावर आला होता.

तेव्हा अशी हाक जिथे विरेल तिथे पेटी असणार. काका स्कूटरवर बसले आणि लांब गेले. मृगजळ ओलांडून गेले. मिठाच्या पांढऱ्या मैदानापर्यंत गेले. तिथला एकेक दगड त्यांनी उलटला. दगडांखाली विंचू होते. "चुकलात, पुढे बघा," असं विंचू म्हणाले. काका पुढे गेले, तर तिथल्या विंचवांनी मागे बघायला सांगितलं.

असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी अमावास्या होती. दुपारी काका टपरीवर परत आले आणि बाकावर बसले. गुंडाळी करावी असं त्यांना फार वाटत होतं. पण परक्या ठिकाणी बरं दिसत नाही, म्हणून नुसते बसले.

मावशींनी चुलीवर दूध ठेवलं होतं. पलीकडच्या टेकाडाच्या उतारावर एक खडक होता. त्यावर मावशींचे यजमान ऊन खात पडले होते.

"अहो!" मावशींनी हाक मारली. "अहो, लाकडं द्या जरा फोडून!"

यजमान हलले नाहीत.

"अहो, ऐकलंत का? काय बाई हा माणूस! कानात बोळे घातल्यासारखा पडलाय."

काका सहज बघत होते. आणि त्यांना एक गोष्ट दिसली, जी टपरीतून मावशींना दिसत नव्हती. यजमान हलले नव्हते. पण त्यांच्या शेपटीचं टोक हललं होतं.

"अहो!"

पुन्हा टोक हललं.

"भजी काढलीत हो," मावशी हळूच, जवळजवळ स्वतःशीच म्हणाल्या.

यजमान उठून बसले.

काकाही उभे राहिले. चहा सांडला.

मुलांनो, आजवर जगात ज्यांनी ज्यांनी हाकेचं अंतर मोजलं, त्यांनी ते हाक मारणाऱ्यापासून मोजलं. आवाज जिथे संपतो तिथपर्यंत. पण लग्न झालेल्यांची रीत वेगळी असते. तिथे हाकेचं अंतर हाक ऐकणारा ठरवतो. ती जागा फार विचारपूर्वक निवडलेली असते. 'ऐकूच आलं नाही' असं शपथेवर सांगता येईल इतकी लांब, आणि जेवण तयार झाल्याचं चुकून सुटणार नाही इतकी जवळ.

खवलेकाकांची अशी जागा घराजवळ होती, नदीवर होती, आणि इथेही होती.

ती चुलीच्या मागच्या बाजूला होती. महामंडळाने जिथे खणलं, त्याच्या बरीच अलीकडे. मिठाच्या मैदानाच्या तर कितीतरी अलीकडे. बोरीचं एक झुडूप होतं आणि झुडपामागे एक चपटा, कललेला दगड होता. शेवटच्या खेपेला काका तिथेच गुंडाळी करून पडले होते. काकूंनी हाक मारली होती. पाणी आणायचं होतं. काकांनी शेपूट आणखी घट्ट ओढून घेतली होती. मग काकू स्वतःच आल्या होत्या, धापा टाकत.

"किती हाका मारल्या!"

"ऐकू नाही आलं गं."

"नसेल आलं. जा, पुढे व्हा, वाढून घ्या. मी येतेच."

आणि काकू थोड्या वेळाने आल्या होत्या, हाताची वाळू झटकत. काकांनी तेव्हा विचारलं नव्हतं. ते जेवत होते.

काका त्या दगडापाशी गेले. दगडाखाली हात घातला. पेटी हाताला लागली. शोधावी लागलीच नाही. ते पडले होते नेमक्या त्याच जागी, डोकं असेल तिथे, काकूंनी ती ठेवली होती.

काकांनी पेटी मांडीवर घेतली.

मग त्यांनी मान वर केली आणि चुलीच्या दिशेने, चांगलं मोठ्याने म्हणाले, "ओ!"

"काय हवंय?" टपरीतून मावशी ओरडल्या.

"तुम्हाला नाही!"

पेटीत शिक्का होता. काकूंनी स्वतः कोरलेला. काकूंना चित्रकला कधीच जमली नाही. काहीतरी गोल होतं आणि त्यावर सगळीकडे खरखरीत टिंबं होती. काकांनी तो आपल्या वहीत उमटवून घेतला, वही उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली, आणि मग त्यांना कळलं, की ही गुंडाळी आहे. ते एकटेच हसले. पेटी होती तशी ठेवली. दगड होता तसा कलता केला.

दिवस मावळायच्या आत ते कचेरीत पोचले. कोल्हेसाहेब हातात फडकं घेऊन उभेच होते.

"सापडली?" कोल्हेसाहेबांनी वही उजेडात धरली. "शिक्का खरा आहे. हे काय आहे, फणस?"

काकांनी क्षणभर विचार केला. "फणसच," ते म्हणाले.

फळ्यावर काकूंच्या नावापुढे 'सापडली (फणस)' असं लिहिलं गेलं. नियमाप्रमाणे आता ते नाव कोणालाही पुसता येणार नव्हतं. हत्तेकरांसाठी दुसरा फळा आणावा लागला.

"पण काका, किती प्रमाण हाकांवर होती?"

"अंतर सांगता येणार नाही. बायकोच्या हाकेला वर्षानुवर्षं ओ द्यायची नाही. मग कळतं."

काका हे सहज बोलून गेले आणि घरी गेले. पण महामंडळाच्या कचेरीत कोणी काही सहज बोललं तरी त्याची नोंद होते. दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. पेटीशोधाची पूर्वतयारी म्हणून सर्व विवाहित सभासदांनी घरी हाकेला ओ देणं बंद करावं. नवशिक्यांसाठी सकाळचे वर्ग निघाले. लांडगेमास्तर शिकवू लागले. "शेपटीचं टोक हलता कामा नये," असं ते पट्टी आपटून सांगत. ज्यांना आधीपासूनच येत होतं, त्यांना वरच्या वर्गात बसवलं. ते वर्ग तुडुंब भरले.

थोड्याच दिवसांत जंगलात सगळीकडे "अहो! अहो!" एवढंच ऐकू येऊ लागलं. ओ कुठूनही येईना. भाकऱ्या गार होऊ लागल्या. बायकांनीही मग आपले वर्ग काढले. तिथे एकच विषय शिकवत, की हाक मारायचीच नाही, भजी परस्पर खाऊन टाकायची.

एकटे खवलेकाका तेवढे बदलले. कुठूनही, कोणाचीही हाक आली की ते "ओ!" म्हणून बाहेर येत. मोरेबाईंनी मोरेंना हाक मारली तरी येत. लोक म्हणू लागले, बिचाऱ्यांचं डोकं फिरलं. वर्गात एवढे पहिले आले असते, आणि बघा.

तात्पर्य : बायकोची हाक ऐकू न आल्याचं सोंग जरूर करावं. मात्र रोज त्याच जागी पडून करावं. म्हणजे तिला काही ठेवून जायचं असलं, तर शोधत फिरावं लागत नाही.