बाबा आठ वाजून चार मिनिटांनी येणार

शनिवारी संध्याकाळी भिमाबाई कांदे चिरत होत्या आणि कांद्याच्या नावाखाली थोडं रडूनही घेत होत्या. दुसऱ्या दिवशी दहा वाजता लेकीला, मैत्रीला, बघायला टिटवाळ्याहून पाहुणे येणार होते आणि नेमकं त्याच पहाटे नवऱ्याला एकवीस किलोमीटर पळायचं होतं.

"अगं, मी दोन महिन्यांपूर्वी नाव दिलंय. पाहुण्यांनी तारीख नंतर दिली," बाजीराव म्हणाले. ते एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. वय छप्पन.

"पोरीच्या लग्नापेक्षा पळनं मोठं हाय का?"

तेवढ्यात मुलगा, अभय, मोबाइल घेऊन मध्ये पडला. "आई, टेन्शन नको घेऊ. यात आधीच्या शर्यतीचा टाइम टाकला की पुढच्या शर्यतीचा येतो. बाबांनी पाच किलोमीटर सत्तावीस मिनिटांत मारलेत. म्हणजे एकवीसला दोन तास चार मिनिटं. सहाला सुटणार, आठ वाजून चार मिनिटांनी बाहेर. नऊला घरी. आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, पाहुणे."

"आन् मानूस दमत नाय का?"

"दमणं धरलंय त्यात. फॉर्म्युला आहे तो."

"त्या फॉर्म्युल्याला तुझ्या बाबांचा गुडगा माहितीय का?"

बाजीरावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मुलाच्या चेहऱ्यावरचं कौतुक पाहिलं आणि पुन्हा मिटलं.

रविवारी घणसोलीतल्या त्या दोन खोल्यांत पहाटेपासून धावपळ होती. मैत्रीने फरशी पुसली, खुर्च्या मागून आणल्या, नवी साडी नेसली. आठ वाजून दहा मिनिटांनी भिमाबाईंनी अभयला फोन लावला. तो नेरूळला शेवटच्या रेषेपाशी बाबांचा शर्ट आणि मोबाइल धरून उभा होता.

"आले का?"

"येतीलच. पाच-दहा मिनिटं मागेपुढे होतं."

साडेआठलाही ते येतच होते. नऊला अभयचा आवाज बदलला. "आई, नऊवारीत पळणाऱ्या बायका पण आल्या गं. सेल्फी काढत काढत आल्या. त्यांच्या मागेसुद्धा बाबा नाहीत."

भिमाबाईंनी फोन ठेवला आणि पोहे भिजवायला घेतले. आणि साडेनऊलाच दारात "जय भीम" ऐकू आलं. गोटीराम आणि त्यांची बायको रिक्षातून उतरले होते, मुलगा आकाश बाइकवरून आला होता. गोटीराम रेल्वेतून निवृत्त झालेले. लवकर पोचण्याला ते वेळेवर पोचणं म्हणत.

"बाजीराव दिसत नाहीत?"

"जरा चालायला गेलेत."

"कुठपर्यंत?"

"नेरूळ," भिमाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

पाहुणीने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. कुणी काही विचारणार तोच फोन वाजला आणि ओल्या बोटामुळे स्पीकर चालू झाला. "आई, आत्ता एक अ‍ॅम्ब्युलन्स गेली! मी धावत जाऊन बघितली. बाबा नव्हते त्यात!"

भिमाबाई पोह्यांच्या ताटासकट खाली बसल्या. मग सगळंच सांगावं लागलं. गोटीरामांनी ऐकून घेतलं आणि मुलाकडे वळले. "आकाश, बाइक काढ."

"पण मी त्यांना ओळखणार कसा?"

सगळ्यांनी मैत्रीकडे पाहिलं. मुलगी अजून धड दाखवलीही नव्हती.

"मी जाते," मैत्री म्हणाली आणि चपला घालून बाहेरही पडली.

शर्यतीच्या रस्त्याने शोधत गेल्यावर दोघांना बाबा नेरूळमधल्या सारसोळ्याच्या पुढे सापडले. रस्ता गाड्यांना खुला झाला होता आणि ते फुटपाथच्या कडेने कमरेवर हात ठेवून चालले होते. एक आजी भाजीची पिशवी घेऊन त्यांना मागे टाकून गेली.

"बाबा! काय झालं?"

"काय नाय. पळतोय."

"बसा काका मागे, सोडतो," आकाश म्हणाला.

"मग मेडल नाय देत." मग त्यांनी नीट बघितलं. "तुमी कोन?"

"मी... मुलगा. आज बघायला आलेला."

बाजीरावांनी लगबगीने टी-शर्ट खाली ओढला. मैत्रीला आता राग आवरेना. "पाच किलोमीटर सत्तावीस मिनिटांत पळालात ना तुम्ही?"

"त्या दिवशी मागं कुत्रं लागलं होतं गं. दोन किलोमीटर सोडलं नाय मेल्यानं. आज एक पन कुत्रं नाय रस्त्यावर."

"मग काल बोलला का नाहीत?"

"अभय इतक्या आवडीनं सांगत होता."

आकाशने बाइक झाडाखाली लावली आणि तिघं चालू लागली. पुढे बाजीराव लंगडत, मागे ही दोघं. मैत्रीची चप्पल लागायला लागली तेव्हा आकाशने स्वतःचे बूट दिले आणि तो मोज्यांवर चालू लागला.

"खरं सांगू? मी आज नाही म्हणणार होते," ती म्हणाली.

"मी पण."

दोघं इतकी हसली की बाजीरावांना वाटलं आपल्यालाच हसतायत, आणि ते चार पावलं खरोखर पळाले.

शेवटच्या रेषेपाशी फुगवलेल्या कमानीतली हवा काढून कामगार ती गुंडाळत होते. अभय शर्ट उराशी धरून एकटाच उभा होता. टेम्पोत चढवलेल्या खोक्यातून कुणीतरी एक मेडल काढून बाजीरावांच्या गळ्यात घातलं. अभयने बाबांना रिक्षात घातलं आणि ही दोघं भर उन्हात बाइकपर्यंत परत चालत गेली.

घरी पोचल्यावर पोहे तिसऱ्यांदा गरम झाले. गोटीरामांनी मेडल हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "आता रीतीप्रमाणे मुलामुलीला थोडं एकांतात बोलू द्या."

भिमाबाईंनी दोघांना आतल्या खोलीत बसवून पंखा लावला आणि दार ओढून घेतलं. बाहेर सगळे कान देऊन बसले. पंख्याच्या घरघरीत आतलं काही ऐकू येईना. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पाहुणी पदराशी चाळा करू लागली. बाजीराव गुडघा चोळत होते, ते थांबले. पोरांचं पटलेलं दिसत नाही, असं भिमाबाईंना वाटलं. पाणी द्यायच्या निमित्ताने त्यांनी दार बोटभर उघडलं.

आकाश खुर्चीत मान टाकून झोपला होता. मैत्री भिंतीला टेकून, तोंड उघडं ठेवून घोरत होती.

भिमाबाईंनी दार हळूच पुन्हा लावलं आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, "चाललंय बोलनं. अजून थोडा टाइम लागंल."