परतीच्या फेरीला बघू

आमचे शेजारी सखारामकाका कुठल्याही खुर्चीवर बसायच्या आधी तिला लाथ मारतात. रागाने नव्हे हं. जन्मभर महाबळेश्वरच्या घाटात एसटी चालवली. गाडीत चढण्याआधी चाकांना लाथ मारून हवा बघायची सवय होती, ती रिटायर झाल्यावर फर्निचरवर उतरली. मुलगे मुंबईला, काकू मागेच गेल्या. पोलादपुरातल्या त्या घरात आता काका आणि त्यांचा चहाचा थर्मास. दर तासाला कपभर चहा लागतोच.

मी पहिल्यांदा सीईटी दिली तेव्हा तिसऱ्याच प्रश्नाला अडकले आणि उरलेला वेळ रडण्यात घालवला. आईने बजावलं, आणखी एकदाच बस, नाहीतर मामीकडे शिवणकाम शीक. हे काकांच्या कानावर गेलं. ते आमच्या पडवीत आले, खुर्चीला लाथ मारली आणि म्हणाले, "हिला मी घाट शिकवतो."

फिजिक्समधलं काकांना ओ की ठो कळत नव्हतं. तरी रोज दुपारी सराव पेपर लावून ते घड्याळ घेऊन शेजारी बसायचे. मी अडले की म्हणायचे, "समोरून मोठी गाडी आली तर आपण भांडतो काय? साइड दे, पुढं हो. परतीच्या फेरीला बघू."

माझं डोकं शांत राहायला शिकावं म्हणून ते मुद्दाम गोंधळ घालायचे. तोंडाने हॉर्न वाजव, टेबल हलव. एकदा तर पलीकडच्या तीन बकऱ्याच आत सोडल्या. एकीने रसायनशास्त्राचं अर्धं पान खाल्लं, आई केरसुणी घेऊन धावली, काका मात्र ढिम्म. "घाटात बकरी येणारच गो. तू पेपर बघ."

परीक्षेला काका महाडला सोबत आले. माझी बॅग आणि स्वतःचा थर्मास घेऊन फाटकाबाहेर थांबले. आत तासाभराने माझा स्क्रीनच काळा झाला. मी हात वर केला. मग ती बकरी आठवली आणि हसूच फुटलं! पर्यवेक्षकांनी संशयाने बघत दुसरा संगणक दिला. मी सात प्रश्नांना साइड दिली, परतीला पाच सुटले. त्याच मार्कांवर पुढे मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला.

बाहेर आले तर काका फाटकाशी उभे, बॅग छातीशी धरलेली. वॉचमन सांगत होता, आजोबा तीन तास हललेले नाहीत, मी खुर्ची दिली तर तीही नको म्हणाले. मी थर्मास उघडला. चहा काठोकाठ होता.

"काका, घेतला का नाहीत?"

"गाडीत मानूस असताना मी कधी चा प्यालो नाय." मग रस्त्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "रिटायर झाल्यापास्नं गाडी रिकामीच होती गो."

वॉचमनची खुर्ची ओढून मी त्यांना बसायला सांगितलं आणि झाकणात चहा ओतला. काका लगेच बसले. लाथ मारायचं विसरूनच गेले.