टोपीची मागची बाजू

समाज टिकतो तो भल्या माणसांमुळे, आणि भला माणूस लांबून ओळखू येणं ही कोणत्याही सुव्यवस्थित समाजाची पहिली गरज असते. टेक्सासातल्या ड्राय फोर्क गावाने ही गरज टोपीने भागवली होती. लॅमार गट्री यांच्या सशस्त्र नागरिक वर्गात सहा तास बसलं (जेवणाची सुट्टी धरून), की प्रमाणपत्राबरोबर एक खाकी टोपी मिळे. टोपीच्या पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘भला माणूस’ असं छापलेलं असे. मागच्या बाजूला गट्रींच्या मेव्हण्याच्या बार्बेक्यूची, म्हणजे भाजलेल्या बरगड्यांच्या खानावळीची, जाहिरात, कारण टोप्या त्यानेच पुरवल्या होत्या. गावात माणसं दोन हजार शंभर, टोप्या सातशे. म्हणजे दर तिघांत एक भला. हे प्रमाण कौतुकास्पद आहे. (मठ आणि आश्रमांची आकडेवारी उपलब्ध होऊ शकली नाही.)

व्हर्लिन टॅकेट हा त्यांतला जुनाजाणता भला. निवृत्त बॉयलर-तपासनीस. अकरा वर्षं त्याच्या कमरेला पिस्तूल होतं आणि ते बाहेर निघालं होतं एकदाच, दवाखान्यात, वजन करताना नर्सने काढून ठेवायला सांगितलं तेव्हा. (वजन तरीही जास्तच भरलं.)

“अकरा वर्षांत एकदाही वेळ आली नाही,” तो कधीकधी बायकोपाशी उसासा टाके.

“मग चांगलंच झालं की, मेल्या,” लोरीन म्हणे.

बायकांना सार्वजनिक सुरक्षेतलं फारसं कळत नाही, असं व्हर्लिनचं मत होतं.

वेळ आली ती ऑगस्टातल्या एका शनिवारी भर दुपारी, किराणा दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये. पारा एकशे चार फॅरनहाइटवर होता आणि डांबर बुटांना चिकटत होतं. लोरीन आत सामान घेत होती. व्हर्लिन बाहेर सावलीत उभा राहून नागरिकांवर लक्ष ठेवत होता.

घडलं होतं ते एवढंच. राँडल पिकेट या गृहस्थांच्या नव्याकोऱ्या गाडीने किल्ली आत असतानाच स्वतःला कुलूप लावून घेतलं होतं. आत मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेल्या त्यांच्या सासूबाई, मिस युडोरा, वय त्र्याऐंशी. मागच्या दारांना लहान मुलांसाठीचं कुलूप होतं. ते राँडलने मुद्दाम लावलेलं, कारण लाल दिव्याला गाडी थांबली की सासूबाई उतरून इतरांचं गाडी चालवणं सुधारायला जात. आता त्या बोटातल्या अंगठीने काचेवर टकटक करत होत्या. राँडलच्या हातात कोणाकडून तरी मागून आणलेली, चाक खोलायची लोखंडी पहार होती, पण काचेचा विचार करून हात वरच राहिला होता.

“अरे मारशील तिला, राँडल!” त्याची बायको नेल्डा ओरडली. “काचेचा कसला विचार करतोस! मारशील!”

व्हर्लिनला यातलं ‘मारशील’ तेवढं दोनदा ऐकू आलं. डोळ्यांसमोर उगारलेली पहार आणि किंचाळणारी बाई. वर्गात दाखवलेल्या चित्रात हुबेहूब हेच होतं. (चित्रातल्या गाडीत सासू नव्हती.) त्याने पिस्तूल काढलं.

“हलू नका, साहेब!”

“अहो साहेब, सासू आत आहे माझी!”

“कौटुंबिक बाबी नंतर! पहार तशीच राहू द्या!”

राँडल पहार उगारून तसाच राहिला. काचेवर टकटक चालू होती.

औषधाच्या दुकानातून होयट बीझली बाहेर पडले. त्यांना दिसलं ते असं, की एक इसम एका जोडप्यावर पिस्तूल रोखून उभा आहे. त्यांनी आपलं काढून व्हर्लिनच्या पाठीवर रोखलं.

“हत्यार खाली, साहेब.”

“अहो, मी भला माणूस आहे! टोपी बघा!”

“टोपीवर ‘बरगड्या, शनिवारी दुप्पट’ असं लिहिलंय, साहेब.”

“ती मागची बाजू! वळून दाखवतो.”

“वळलात तर गोळी घालीन.”

व्हर्लिनला आवाज ओळखीचा वाटला. “होयट? बीपीच्या गोळ्या देतोस तो?”

“व्हर्लिन?” होयट यांनी नेम हलवला नाही. “तरी वळू नका. ओळखीपाळखीवर जायचं नाही, असं वर्गात सांगितलंय.”

तिसऱ्या, चर्चमधल्या गायनवृंदाच्या प्रमुख बाई. त्यांनी होयट यांच्या पाठीवर नेम धरला आणि अतिशय सुरेल आवाजात त्यांना जागीच उभं केलं. चौथे गावचे दंतवैद्य. काचेवरची टकटक थांबली असल्यामुळे त्यांचा आवाज सर्वांना स्वच्छ ऐकू गेला, पण सवयीने ते ‘हात स्थिर ठेवा’ऐवजी ‘तोंड उघडा’ म्हणाले, आणि पुढच्या तिघांनी ती उघडली. पाचवे फुटबॉलचे निवृत्त प्रशिक्षक. सहावे कोण ते मागून कळलं नाही, टोपी मात्र होती.

सातवे स्वतः लॅमार गट्री. ते समोरच्या बाजूने आले, म्हणून त्यांना एका रांगेत सहा टोप्या दिसल्या, सहाही ‘भला माणूस’. भल्यावर नेम धरायचा नाही, हा त्यांच्याच वर्गाचा नियम. टोपीशिवाय तिथे दोघंच होते. गट्रींनी रीतसर विचार केला आणि राँडलवर नेम धरला.

आता प्रश्न उरला तो पिस्तुलं खाली करण्याचा. मागच्याने खाली केल्याशिवाय पुढच्याने हलायचं नाही आणि पुढच्याने खाली केल्याशिवाय मागच्याने करायचं नाही, असा नियम. त्यात ड्राय फोर्कची माणसं अतिशय सभ्य. गावातल्या चौरस्त्यावर चारही बाजूंना थांबायच्या पाट्या आहेत, आणि तिथे एक ट्रॅक्टर आणि एक शववाहिका एकमेकांना ‘आधी तुम्ही’ म्हणत नऊ मिनिटं उभी होती.

“आधी तुम्ही, साहेब.”

“छे छे, तुम्ही माझ्याआधी आलात.”

“बाईसाहेबांना आधी मान द्या.”

“इश्श, मी कसली!”

व्हर्लिनच्या मानेवरून घाम ओघळत होता. गाडीची काच त्याच्यापासून चार पावलांवर होती. काचेमागे एक पांढरं डोकं कलतं झालेलं त्याला दिसत होतं, आणि दिसतंय हेही त्याला कळत होतं. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली तो जीव वाचवण्याचा प्रसंग हाच होता. चार पावलं आणि एक फटका. पण पाठीवर होयट होता. त्याने हात हलवला नाही. नियमच तसा होता.

तेवढ्यात लोरीन सामानाची ढकलगाडी घेऊन आली.

“व्हर्लिन, हे काय चाललंय?”

“मागे हो, लोरीन. परिस्थिती नियंत्रणात आहे.”

लोरीनने परिस्थितीकडे पाहिलं, मग गाडीत पाहिलं. “अरे देवा,” असं म्हणून ती सात पिस्तुलांमधून चालत गेली आणि राँडलच्या हातातून पहार काढून घेतली. तिला कोणीच अडवलं नाही, कारण साठीची बाई आणि ढकलगाडी हे चित्र वर्गात दाखवलेलं नव्हतं. तिने काच फोडली, दार उघडलं, पट्टा सोडला आणि पीचच्या आइस्क्रीमचा डबा म्हातारीच्या मानेखाली ठेवला.

मिस युडोरांनी बऱ्याच वेळाने डोळे उघडले. सगळ्या रांगेवरून नजर फिरवली.

“देव भलं करो तुमचं,” त्या म्हणाल्या. त्या भागात म्हाताऱ्या बायका हे म्हणतात तेव्हा थोबाडीत बसलेली परवडते.

घटनेचा अहवाल समाधानकारक आहे. उपस्थित भले नागरिक: सात. गोळ्या झाडल्या: शून्य. हरकतीचं कृत्य: एक (काच फोडणे, लोरीन टॅकेट, समज देऊन सोडण्यात आले). यापुढे टोप्यांवर ‘भला माणूस’ मागच्या बाजूलाही छापावं, आणि बरगड्या कानांच्या बाजूला घ्याव्यात, असा ठराव एकमताने झाला.

ठरावानंतर व्हर्लिनने वर्गात हात वर केला. टोपी त्याच्या मांडीवर होती. “ती टकटक,” त्याने विचारलं, “कधी थांबली, कोणाला आठवतं का?”

सातांपैकी कोणालाच आठवत नव्हतं. गट्री म्हणाले, हा भाग अभ्यासक्रमात नाही.

नोंदीसाठी सांगतो. टकटक थांबली ती चौथा माणूस आला तेव्हा. वर तसं स्पष्ट लिहिलं आहे. त्या वेळी तुम्ही दंतवैद्याला हसत होता.