नांगरावरचा मेहुणा

"आज हे फसलं, तर सोमवारपासून दादाच्या दुकानात बसायचं," चहाचा कप पुढे ठेवता ठेवता बायकोने लोहाराला सांगितले. "तो बाराच्या सुमाराला येतोय. हो की नाही, काय ते आजच सांगून टाकायचं."

लोहाराने कपात बघत मान हलवली. दादा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. त्याचे फिती, बटणे आणि दोऱ्यांचे दुकान होते आणि त्या दुकानात गेली दोन वर्षे एक स्टूल रिकामे होते. त्या स्टुलावर बसायचे, बायकांना फीत मोजून द्यायची, निळ्या दोऱ्याशेजारी निळाच दोरा ठेवायचा आणि संध्याकाळी सांडलेली बटणे रंगाप्रमाणे डब्यांत भरायची, एवढेच काम. पंचवीस वर्षे घण मारलेल्या माणसाला त्या स्टुलाच्या नुसत्या विचाराने घाम फुटायचा.

पण बायकोचेही काही चुकत नव्हते. लोहाराचा हात चांगला होता, डोकेही चांगले होते, पण त्या डोक्याला एक खोड होती. आलेली वस्तू जशी होती तशी दुरुस्त करून देणे त्याला जमतच नसे. तो तिच्यात सुधारणा करायचा. एका म्हातारीने बादलीला कडी बसवायला दिली, तर त्याने अशी कडी बसवली की बादली उचलली की तिचे झाकण आपोआप घट्ट बसायचे. ते उघडायला मग दोन माणसे लागत. शिंप्याच्या दाराला त्याने आपोआप लागणारी खिट्टी केली. त्या दिवशी शिंप्याकडे आलेले पाहुणे दुसऱ्या दिवशी खिडकीतून घरी गेले. हळूहळू लोक मोडक्या वस्तू घेऊन त्याच्या दारावरून पलीकडच्या गावच्या लोहाराकडे जाऊ लागले. जाताना "काय, बरं आहे ना?" असे विचारायला मात्र विसरत नसत, कारण माणूस कुणालाही आवडावा असाच होता.

आजची सुधारणा मात्र बादली-खिट्टीची नव्हती. गावातून जाणारा मातीचा रस्ता गाड्यांच्या चाकोऱ्यांनी पार उखडला होता. तो सारखा करायची जुनी रीत अशी, की घोड्यांनी एक जाड फळी ओढायची आणि मागून दोन गड्यांनी ती दांड्यांनी दाबून धरायची. गडी दमले की फळी वर, जोर आला की खाली. रस्त्याचे चढउतार म्हणजे गड्यांच्या दमाचा हिशोब. लोहाराने त्या जागी तिरपे लोखंडी पाते बसवले होते. ते कडेची माती खरवडून रस्त्याच्या मध्यावर टाके, म्हणजे पाणी कडेला वाहून जावे. मागे दोन चाके होती, पाते फिरवायला तरफ होती, आणि पात्याच्या बरोबर वर एक बैठक होती. हाकणाऱ्याने तिच्यावर बसायचे आणि त्याच्याच वजनाने पाते दाबले जायचे. दोन गड्यांचे काम एका माणसाने बसल्या बसल्या करायचे. आज दहा वाजता रस्त्यांचे साहेब लोहाराचा हा रस्त्याचा नांगर बघायला येणार होते, आणि त्यांना पसंत पडला तर साऱ्या भागातल्या रस्त्यांचे नांगर याच भट्टीत घडणार होते.

"पण चालतो ना तो नक्की?" बायकोने विचारले.

"मागच्या अंगणात सात वेळा चालवला. लोण्यातून सुरी जावी तसा जातो."

"अंगणात मी रोज दोनदा सडा घालते," बायको म्हणाली.

हे वाक्य लोहाराने ऐकले, पण मनावर घेतले नाही. घोडामैदान जवळ आले की माणसाला आपल्या फायद्याचे तेवढेच ऐकू येते.

घोड्या पाववाल्याच्या होत्या. थोरली आणि धाकटी, दोघी सख्ख्या बहिणी, दोघींचाही स्वभाव शांत. "सकाळचे पाव वाटून झालेत, घेऊन जा," पाववाला म्हणाला. "पण बाराच्या आत आणा. बाराला त्यांचा चारा असतो. त्यात कुणी लुडबूड केलेली त्यांना खपत नाही." आणि घोड्यांवर डोळा ठेवायला तोही बरोबर निघाला.

साहेब बरोबर दहाला बग्गीतून आले. खाली उतरले ते कंबरेला हात लावूनच, कारण रस्त्याची पाहणी त्यांच्या कंबरेने येता येताच केली होती. हातात एक लांब सरळ काठी होती. ती रस्त्यावर आडवी ठेवून ते खालून डोळा लावून बघत आणि वहीत लिहीत.

"चालवा," ते म्हणाले.

लोहार बैठकीवर बसला. आता लोहार म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे पैलवान उभा राहतो, पण हा काटकुळा होता. जोर सगळा मनगटात. घोड्या निघाल्या. पाते रस्त्यावरून गेले आणि रस्त्याला त्याची खबरही लागली नाही. उन्हाने भाजून विटेसारखी झालेली ती माती. तिला ना सडा माहीत, ना लोणी. पात्याने वरची धूळ तेवढी झाडली. त्यात घोड्या सवयीप्रमाणे दर दाराशी थांबू लागल्या आणि आतून बायका ताटल्या घेऊन बाहेर येऊ लागल्या.

"आज दुसऱ्यांदा पाव?" एकीने विचारले.

"पाव नाही, नांगर आहे," लोहार म्हणाला.

"मग दाराशी कशाला थांबलात?"

लोहाराने लगाम झटकला.

"वजन कमी पडतंय," साहेब म्हणाले.

लोहार उतरला आणि त्याने बैठकीवर मोठाले दगड रचले. आता पाते मातीत शिरले खरे, पण पहिल्याच चाकोरीला नांगर डावीकडे कलला, दगडही मुकाट डावीकडे गेले, आणि पात्याने डाव्या बाजूला गुडघाभर चर खणला. एक दगड घरंगळत साहेबांच्या बुटाशी जाऊन थांबला. साहेबांनी तो बुटाने हळूच बाजूला सारला आणि वहीत काहीतरी लिहिले.

मग लोहार आणि पाववाला दोघे मिळून बसले. दोघांचे वजन पुरेसे होते, पण नांगर कलला की ते एकमेकांना सावरायला जात आणि दोघेही एकाच बाजूला कोसळत. त्यामुळे आता उजवीकडेही चर पडला. अति तिथे माती म्हणतात. इथे माती मधोमध यायची ती कडेला ढीग होऊन बसली होती. रस्त्यात आधी निदान गाडी जात होती, आता बकरीसुद्धा विचार करून पाय टाकत होती.

पावणेबाराला मेहुणा आला. मेहुणा म्हणजे भरगच्च माणूस, उभा जेवढा तेवढाच आडवा. अंगात पांढराशुभ्र कोट, डोक्यावर टोपी, पायांत चकचकीत बूट. चर ओलांडायला त्याला तिघांचा हात लागला.

"भाऊजी, पुरे झालं आता," तो मायेने म्हणाला. माणूस वाईट नव्हता, त्याला नुसते आपले बरोबर असल्याची सवय होती. "मी स्टूल पुसून ठेवलंय. गादीपण घातलीय."

लोहार नांगराच्या चाकाजवळ उकिडवा बसून पात्यावरची माती बोटाने काढत राहिला. साहेबांनी घड्याळ बाहेर काढले. अंगणाच्या फाटकाशी उभ्या असलेल्या बायकोला हे सगळे दिसत होते. सकाळी धमकी तिनेच दिली होती, पण आता ती नवऱ्याचा चेहरा बघत होती. हा माणूस स्टुलावर बसून बटणे निवडतोय, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे आले आणि ते तिला अजिबात बघवेना.

ती तरातरा पुढे आली. "दादा, तू बस."

"कशावर?"

"नांगरावर. वजन कमी पडतंय म्हणतायत. तुझ्याकडे आहे."

"अगं, या कोटात?"

"पोतं घालते खाली. एकदा बस. नाहीच जमलं तर आजच घेऊन जा यांना, मी एक शब्द बोलणार नाही."

मेहुण्याने विचार केला. यंत्र फसणार याची त्याला खात्री होती, आणि लवकर फसले तर जेवायला वेळेवर घरी जाता येणार होते. "चला, एकदाचं मिटू दे," म्हणत तो चढला. बैठक करकरली, पाते मातीत बोटभर रुतले.

खणलेली बाजू आता दाखवण्यासारखी उरली नव्हती, म्हणून लोहाराने घोड्यांची तोंडे उलट दिशेला, गावाच्या दुसऱ्या टोकाकडे वळवली. पाववाल्याचा तबेला त्याच टोकाला होता, हे त्याच्या ध्यानात आले नाही. लगाम त्याने मेहुण्याच्या हातात दिला आणि स्वतः मागे जाऊन पात्याकडे बघत उभा राहिला. घोडे बघायचे सोडून लोखंड बघणे ही लोहाराची जातच. आणि नेमक्या त्याच वेळी बारा वाजले.

थोरलीने कान टवकारले, धाकटीने मान वर केली, आणि दोघींनी धूम ठोकली.

"अहो भाऊजी, यांना थांबवा की," मेहुणा ओरडला, पण त्याचे शब्द नांगराबरोबरच पुढे गेले. नांगर उजवीकडे कलला, तसा मेहुणा जिवाच्या आकांताने डावीकडे झुकला. डावीकडे कलला, तसा तो उजवीकडे. समोर खळगा आला की मागे रेलायचा, उंचवटा आला की पुढे वाकून थोरलीच्या शेपटीशी बोलायचा. लगाम कधीच सुटला होता; दोन्ही हातांनी त्याने बैठक घट्ट धरली होती. ताटल्या घेतलेल्या बायका अजून दारातच होत्या. या वेळी घोड्या कुणाच्याच दाराशी थांबल्या नाहीत.

लोहार मागून धावत होता. मेहुण्याला वाचवायला धावतोय असे सगळ्यांना वाटले, पण त्याचे डोळे खाली होते. पात्यामागून माती उलगडत येत होती, कडेची मध्यावर, अगदी मऊ आणि सारखी. चाकोऱ्या बुजत होत्या, खळगे भरत होते. त्याला इतका आनंद झाला की धावता धावता तो हसायलाच लागला. "दादा, असंच," तो ओरडला. "आणखी थोडं उजवीकडे." त्याच्यामागे बायको, तिच्यामागे पाववाला आणि सगळ्यांत शेवटी कंबर धरून साहेब, अशी ती मंडळी गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाली.

तबेल्याच्या दाराशी घोड्या थांबल्या. मेहुणा थांबला नाही. तो पुढे जाऊन भुशाच्या ढिगात बसला.

साहेब मागे वळले. त्यांनी काठी रस्त्यावर आडवी ठेवली, गुडघे टेकून खालून बघितले. दहा पावलांवर पुन्हा ठेवली, पुन्हा बघितले. असे त्यांनी बऱ्याच ठिकाणी केले. मग परत येऊन म्हणाले, "काठीखालून उजेड येत नाही."

म्हणजे खळगा कुठेच उरला नव्हता.

"दगड पडतात," साहेब पुढे म्हणाले, "पण दगड कलत नाहीत. नांगर ज्या बाजूला जातो, त्याच्या उलट बाजूला हे गृहस्थ जातात. त्यामुळे पातं सपाट राहतं. यांना हे शिकवायला किती दिवस लागले?"

लोहाराला खोटे बोलता येत नसे. "शिकवलेलं नाही, साहेब. ते भ्याले होते."

"चालेल. बारा नांगर करा. पण पहिला हाच धरा, आणि त्यावर हेच बसतील. बाकीच्या हाकणाऱ्यांना हेच शिकवतील. हे नसतील तर मी काही मंजूर करत नाही." एवढे बोलून साहेबांनी वही मिटली.

लोहाराच्या तोंडचे पाणी पळाले. हाती आलेले सगळे आता भुशात बसलेल्या माणसावर येऊन ठेपले होते. मेहुण्याची टोपी हरवली होती, कोटाची बाही खांद्यापासून लोंबत होती. बायको त्याच्या केसांतला भुसा वेचत होती. लोहार त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"दादा, माझं चुकलं," तो म्हणाला. "तुम्हाला असं बसवायला नको होतं. सोमवारी येतो मी दुकानात. मनापासून येतो."

मेहुणा त्याच्याकडे बघतच नव्हता. तो रस्त्याकडे बघत होता. रस्ताभर दारादारांत माणसे उभी होती आणि सगळी त्याच्याचकडे बोट दाखवून एकमेकांशी बोलत होती. शिंपी तर हात हलवत होता. इतक्या वर्षांत दुकानात येणाऱ्या माणसाने फितीकडे बघितले होते, बटणांकडे बघितले होते. दुकानदाराकडे असे कुणी बघितले नव्हते.

"भ्यालो नव्हतो," मेहुणा सावकाश म्हणाला. "मुद्दाम कलत होतो."

"ते दिसतच होतं," लोहार लगेच म्हणाला.

"तिथे विहिरीपाशी जरा उंचवटा राहिला. मी आणखी थोडा मागे रेललो असतो, तर तोही गेला असता." त्याने बुटातला भुसा झटकला. "सोमवारी किती वाजता?"

"तुम्ही साडेआठला उघडता ना? मी त्याआधीच—"

"दुकानाचं कोण विचारतंय? नांगराचं सांगा."

"सातला," लोहार म्हणाला.

"आणि दुकान?" बहिणीने विचारले.

मेहुण्याने खिशातून किल्ली काढली आणि रस्त्यावरची नजर न काढता तिच्या हातात ठेवली. "तू बस. गादी घातलेलीच आहे. आणि भाऊजी, सात नको. सातला ऊन चढतं, माती कडक होते. मी साडेसहाला येतो."