तीनदा पुकारल्यावर

आमच्या लिनशी शहरातल्या चिनी औषधी रुग्णालयात चिडक्या आतड्यांचा स्वतंत्र विभाग असून त्याचा बरे होण्याचा दर शंभरात अठ्ठ्याण्णव आहे. खिडकी क्रमांक दोनवर मी नऊ वर्षं नंबर पुकारतो आहे, तेव्हा हे अधिकारवाणीने सांगतो. रुग्णांनी कृतज्ञतेने आणलेले लाल रेशमी झेंडे भिंतीवर मावेनात, म्हणून आम्ही ते खिडक्यांवरही टांगले. आता आत उजेड येत नाही, पण कीर्ती आहे.

या विभागात ख्वांग दशुन आला. सदतीस नंबरच्या बसचा ड्रायव्हर. पोटात कळ उठली की बस भर रस्त्यात उभी करून हा संडासाकडे पळायचा आणि प्रवासी घड्याळं बघत बसायचे. तक्रारी झाल्या. कंपनीने बजावलं, महिनाअखेरीस विभागाचा बरा झाल्याचा दाखला आण, नाहीतर बस धुवायला लाग. एकवीस वर्षं गाडी हाकलेल्या माणसाला हातात बादली! बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

पहिल्याच दिवशी त्याने घोळ घातला. डॉक्टर थुंग म्हणाले, "जीभ काढा." त्याने काढली. गुलाबी, लख्ख.

"हे काय?"

"सकाळी ब्रशने घासून आलो, साहेब. एवढ्या मोठ्या डॉक्टरांसमोर यायचं, थोडा आब नको?"

"अहो ख्वांग उस्ताद, जिभेवरचा थर वाचूनच आम्ही पोट ओळखतो! तुम्ही पुरावाच नष्ट केलात!" डॉक्टरांनी नाडी तेवढी पाहिली. "यकृत चिडलंय आणि राग काढतंय प्लीहेवर. वड्याचं तेल वांग्यावर. आठ दिवसांनी या, काढा लिहून देतो. तोवर जिभेला हात लावू नका आणि चिंता अजिबात करू नका."

आठ दिवसांनी तो मळकी जीभ घेऊन वेळेवर हजर झाला. नंबर शेहेचाळीस. पंचेचाळीस आत गेला आणि ख्वांग पोट धरून उठला. मी शेहेचाळीस पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. नियम पाच : तीनदा पुकारूनही रुग्ण न आल्यास त्याला आजार नाही असे समजून नंबर रद्द करावा.

त्याची बायको छ्योंगह्वा खिडकीशी आली. "अहो भाऊ, ते संडासात आहेत!"

"ताई, नियमात संडासाचा उल्लेख नाही."

"पोटाच्या विभागात माणूस संडासात नाही जाणार तर काय बागेत जाईल?"

"आवाज चढवू नका. यकृत चिडतं."

"माझं चिडलंच आहे!" ती म्हणाली. "बोलवा तुमच्या डॉक्टरला, त्यालाही जरा जीभ दाखवते."

मी काही दगड नाही. मी वरिष्ठांना टिपण पाठवलं आणि संडासात लाऊडस्पीकर बसला. पुढच्या खेपेला ख्वांगला आपला नंबर स्पष्ट ऐकू आला. पण तिथला पुसायचा कागद चेहरा ओळखणाऱ्या यंत्रातून मिळतो. एका चेहऱ्याला हातभर, मग नऊ मिनिटं काही नाही. ख्वांग यंत्रासमोर गाल फुगवून, चष्मा चढवून, भुवया आवळून उभा राहिला. यंत्राने त्याला बरोबर ओळखलं. सरकारी कामात इतकी अचूकता मी दुसरीकडे पाहिलेली नाही. नंबर अर्थातच गेला.

महिना संपायला एक दिवस उरला. त्या दिवशी तो बाकावर बुद्धाच्या मूर्तीसारखा स्वस्थ बसला होता.

"तीन दिवस पोटात कण नाही," छ्योंगह्वा मला हळूच म्हणाली. "कालपासून पाणीही नाही. आता पुकारा हो लवकर!"

मी पुकारलं. तो पहिल्याच हाकेला भिंतीला धरत धरत आत पोहोचला. डॉक्टर थुंगनी नाडी पाहिली, जीभ पाहिली.

"दिवसातून किती वेळा जाता?"

"तीन दिवसांत एकदाही नाही, साहेब."

"वा! मग बरेच झालात की!"

"पण मला काढा?"

"धडधाकट माणसाला काढा? औषधाचा अपमान आहे तो."

शिक्का बसला : पूर्ण बरा. आमचा दर असाच जमत आला आहे. ज्यांना खरंच आजार असतो ते माझ्या हाकेला येऊ शकत नाहीत, आणि जे येऊ शकतात ते सगळे बरे होतात. शंभरातले दोन तेवढे डॉक्टरांशी बोलता बोलता उठून पळतात.

दुसऱ्या दिवशी ख्वांगने झेंडा आणला आणि दोन वाट्या मटणाचं सूप पिऊन कामावर रुजू झाला. संध्याकाळी मी घरी निघालो तो त्याच्याच बसमधून. पूल चढताना त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम.

"साहेब, थांबवू का?"

"उस्ताद, तुम्ही बरे आहात. कंपनीने दाखला फाइलला लावलाय. आता थांबलात तर तो कामचुकारपणा ठरेल."

तो थांबला नाही. पुलावर पुढे जे झालं ते बसमधल्या बेचाळीस जणांनी पाहिलं. सोमवारपासून तो बस धुतो, आणि सुरुवात त्याने स्वतःच्याच बसपासून केली. मला त्या दिवसापासून जेवण जात नाही. पण झेंडा सुरेख आहे.

आता तुमचं. तुम्ही जागेवरून न हलता इथवर वाचलंत, म्हणजे आमच्या विभागाच्या हिशेबाने तुम्हीही पूर्ण बरे झालात. तशी नोंद मी केली आहे. झेंडा लाल रेशमाचाच आणा. आणि मधेच जे उठून गेले त्यांना मी तीनदा पुकारलं होतं. तुम्हीही ऐकलंत, आणि शेजारी कोण कण्हतंय ते न बघता आपला नंबर पुढे सरकला म्हणून खूश झालात.