रेनकोट पास करणारे टिपणीस

जूनचा तिसरा रविवार, सकाळी सव्वानऊ. कोटाची किंमत दोन हजार आठशे पन्नास रुपये. हजर तिघे: मी, माझी पत्नी नीलिमा आणि माझा नवाकोरा रेनकोट घालून आमच्या इमारतीच्या गच्चीवर हात पसरून उभे असलेले टिपणीस. नीलिमा स्टुलावर चढून झारीनं त्यांच्या डोक्यावर पाणी ओतत होती. माझ्याकडे घड्याळ होतं.

"वहिनी, आता डावा खांदा. सावकाश ओता. घाई नाही."

"टिपणीस, झारी जड आहे हो!"

"पाऊससुद्धा जडच असतो."

वीस मिनिटांत सहा बादल्या संपल्या. टिपणीसांनी कोट काढला आणि आतलं पांढरं बनियन आम्हाला दाखवलं. त्या बनियनवर त्यांनी आधीच रांगोळीचा जांभळा रंग चोळलेला असतो. कोरडा असेपर्यंत तो फिकट दिसतो, पाण्याचा थेंब लागला की गडद होतो. उजव्या खांद्यावर पावलीएवढा डाग उमटला होता.

"कोटाला काय विचारता? बनियनला विचारा," टिपणीस म्हणाले. "नापास."

टिपणीस आमच्या करंजाड्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. वय त्रेसष्ट. तळोज्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं त्यांचं काम एकच होतं, पाइपांचे सांधे गळतात का ते पाहणं. निवृत्त झाल्यावर पाइप सुटले, पण पाहणं सुटलं नाही. पहिलं वर्ष त्यांनी सोसायटीच्या नळांवर काढलं. सेक्रेटरींनी हात जोडल्यावर ते रेनकोटांकडे वळले.

मी हिशेबी माणूस आहे. कुठलीही वस्तू घेताना तीन दुकानांत भाव विचारतो. टिपणीस भाव विचारतच नाहीत. ते कोट उलटा करतात. आतल्या शिवणीवर पट्टी चिकटवलेली आहे का ते बोटानं पाहतात. पट्टी नसेल तर कोट जागच्या जागी परत. मग चेन. चेनीवर झाकण हवं, नाहीतर पाणी दातांमधून आत येतं. मग काखेत हवेसाठी जागा. "डोंगर चढताना घाम येतो, देवधर. वरून कोरडे आणि आतून ओले झालात, तर कोट कशाला घेतला? बनियनला दोन्ही पाणी सारखंच." शेवटी टोपी. टोपी घालून मान डावीकडे वळवायची. टोपी मानेबरोबर फिरली तर ठीक. मान फिरली आणि टोपी समोरच बघत राहिली, तर तुम्हाला टोपीचं अस्तर दिसतं आणि पायाखालचा दगड दिसत नाही. ही परीक्षा ते दुकानातल्या अनोळखी गिऱ्हाइकांचीसुद्धा घेतात. एका बाईंना त्यांनी टोपी घालायला लावून "रिक्षा येते का बघा" असं सांगितलं. बाई खरोखरच रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

पनवेलच्या बाजारातला आमचा दुकानदार त्यांना लांबूनच ओळखतो. पहिला नापास कोट परत करायला मी त्यांच्याबरोबर गेलो, तर त्यानं आधी गल्ल्यावरची पाण्याची बाटली उचलून खाली ठेवली.

"काका, आज दुकानात पानी नाय हां! मागच्या टायमाला माज्या चार बॅगा भिजवल्यात."

"त्या बॅगा वॉटरप्रूफ आहेत असं तूच लिहिलं होतंस."

"कंपनीनी लिवलंय, मी नाय!"

तरी तो कोट बदलून देतो, ओला असला तरी. कारण पुढच्या गिऱ्हाइकाला तो सांगतो, "करंजाड्याच्या काकांनी पास केलाय," आणि गिऱ्हाईक भाव न करता पैसे देतं. माझ्या अंदाजानं टिपणीसांनी आजवर चाळीसएक कोट भिजवले असतील. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या गटातल्या सातही जणांचे पावसाळी बूट, पाठीवरच्या पिशव्यांची झाकणं, सगळं त्यांनीच निवडलेलं आहे.

हा गट दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी प्रबळमाचीला चढतो. गाडी ठरवण्याचं काम माझ्याकडे असतं. गाडीत आठ जागा आणि आम्ही सात. आठव्या जागेवर पिशव्या ठेवतो. हे टिपणीसांना पक्कं ठाऊक आहे, तरी दरवर्षी ते मला विचारतात, "यंदा किती जण?" मी "सात" म्हणतो. ते मान हलवतात आणि कुणाच्या तरी बुटाचा तळ तपासायला लागतात.

त्यांना कुणी बोलवत नाही, त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी बोलावलं होतं. त्या वेळी आमच्यातले घरत, उरणच्या बंदरातून निवृत्त झालेले, साडेसहाशे रुपयांचा सैल, बिनबाह्यांचा पोंचो घालून आले होते. अर्ध्या वाटेवर वारा सुटला, पोंचो घरतांच्या तोंडावर चढला आणि घरत आंधळ्यासारखे हातांनी चाचपडू लागले. टिपणीस वाटेत आडवे उभे राहिले. "हा माणूस भिजलाय. सगळे परत." आम्ही विनवण्या केल्या. ते हलले नाहीत. सातही माणसं त्यांनी खाली उतरवली. खाली आल्यावर ऊन पडलं. तेव्हापासून टिपणीसांचं नाव निघालं की घरत म्हणतात, "त्यांना नेलं तर डोंगर ऱ्हायला, आपन पायथ्याला ठाकूरवाडीच्या टपरीवर चाय पिऊन परत येऊ."

यंदा पहिला कोट खांद्यात गेला. दुसरा आणला, जूनच्या चौथ्या रविवारी. पुन्हा सव्वानऊ, पुन्हा स्टूल, पुन्हा झारी. या वेळी टिपणीस नीलिमासाठी लांब नळीची झारी घेऊन आले होते, हलकी, प्लास्टिकची. डाग मानेखाली उमटला. नापास. तपासणी झाल्यावर पोहे. पोहे खाताना त्यांनी बॉयलरच्या गळतीची एक गोष्ट सांगितली, ती सव्वा तास चालली. मग सुलभावहिनींचा फोन आला. त्या टिपणीसांच्या पत्नी, चार वर्षांपासून हैदराबादला लेकीकडे आहेत. आधी बाळंतपणाला गेल्या, मग नातू लहान म्हणून राहिल्या, आता नातवाची शाळा. टिपणीस तिकडे महिनाभर राहून आले होते. चौदाव्या मजल्यावर एकही नळ गळत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

"हो, देवधरांकडेच आहे," ते फोनवर सांगत होते. "नाही गं, याची मान गेली. आता तिसरा बघायचा."

तिसरा कोट जुलैच्या पहिल्या रविवारी भिजला. डोंगराला आठच दिवस राहिले होते आणि माझ्याकडे कोट नव्हता, म्हणून मी या वेळी डोळ्यांत तेल घालून पाहत होतो. वीस मिनिटं, सहा बादल्या. डाग पुन्हा मानेखाली, आधीच्याच जागी.

दोन वेगळ्या कंपन्यांचे कोट एकाच जागी कसे गळतील? हे गणित मला जमेना. मी कोट उचलून पाहिला. टोपीची नाडी ओढून बांधायची असते, ती मोकळीच लोंबत होती. नाडी मोकळी राहिली तर कुठल्याही कोटात पाणी जाणार. आणि नाडी विसरणारा माणूस कोण, तर एकतीस वर्षं सांधे तपासलेले टिपणीस.

खाली घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन नीलिमाला हळूच सांगितलं. ती शेंगदाणे परतत होती.

"तुम्हाला आज कळलं?" ती म्हणाली. "मागच्या रविवारी मी स्टुलावरून बघत होते ना. नाडी त्यांनी स्वतःच सोडली."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? अहो, तुमचा कोट चांगला आहे. पास झाला की त्यांचा रविवार संपला." तिनं ताट माझ्या हातात दिलं. "त्यांच्या बाथरूममध्ये शॉवर आहे. एकट्यानं उभं राहून तपासता आलं नसतं का?"

मी बाहेर आलो. टिपणीस सोफ्यावर टॉवेल पांघरून बसले होते. मी सरळच बोललो.

"टिपणीस, नाडी मोकळी होती."

त्यांनी टॉवेलनं एक कान पुसला. मग दुसरा.

"राहिली असेल चुकून," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी कोट मांडीवर घेतला, नाडी ओढून गाठ मारली, शिवणीवरून एकदा बोट फिरवलं. "कोट उत्तम आहे, देवधर. पास. जा तुम्ही बिनधास्त." आणि पोहे न खाताच उठायला लागले.

"बसा," मी म्हणालो आणि त्यांच्यासमोरच घरतांना फोन लावला. गाडीत टिपणीस येणार आहेत, एवढंच सांगितलं. घरतांचा आवाज मोठा आहे, तो खोलीभर ऐकू आला.

"अरे देवा! मंग आमी वर पोचनार कदी?"

"घरत, त्या दिवशी तुम्ही कुडकुडत होतात," मी म्हणालो. "मी पाहिलं होतं."

"थंडी वाजत व्हती, ते खरं हाय," घरत म्हणाले. "येऊ द्या. पन त्यांना पुढं नका चालवू. मधी ठेवा. आनि माजा नवा कोट बघायला सांगा त्यांना, गाडीतच, डोंगरावर नाय."

नीलिमानं त्यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली.

"तुमचा स्वतःचा कोट कोणता आहे?" मी विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता.

"जुना फाटला. नवा नाहीये."

"चाळीस कोट भिजवलेत आणि तुमचा नाही?"

"तपासल्याशिवाय घालवत नाही," ते म्हणाले. "आणि पाणी सुलभा ओतायची."

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं बाजारात गेलो. दुकानदारानं बाटली खाली ठेवली. टिपणीसांनी आपल्या मापाचा एक कोट मागितला, धुक्यात लांबून दिसेल असा नारिंगी. तो उलटा करून शिवण पाहिली, चेन पाहिली, टोपी घालून मान डावीकडे वळवली. मी म्हणालो, "उद्या सकाळी गच्चीवर या. झारी मी धरतो."

"नको. रविवारी डोंगरावरच होईल तपासणी. सगळे असतीलच."

दुकानदार माझ्याकडे पाहत राहिला. काकांनी न भिजवता कोट घेतल्याचं तो पहिल्यांदाच पाहत होता.

टिपणीसांनी त्याला तीन हजार दोनशे रुपये रोख मोजून दिले. मग पाकिटातून आणखी तीनशे काढून माझ्या खिशात घातले, गाडीच्या आठव्या जागेचे. मी म्हटलं, रविवारी द्या, घाई काय आहे.

"आत्ताच घ्या," ते म्हणाले. "पैसे घेतलेत म्हटल्यावर घरतांना नाही म्हणता येणार नाही."